येणारें यंत्र आणि घरचा पडदा

बाजारांत तुरी आणि भट भटणीला मारी, ही म्हण आपण सर्वांनीं ऐकलेली आहे. तुरी अजून बाजारांतच आहेत. त्या विकत घेतलेल्या नाहींत, शिजविलेल्या नाहींत. परंतु त्यांचें वरण घट्ट असावें कीं पातळ, यावरून घरांत भांडण मात्र जुंपलें! म्हण जुनी असली तरी अलीकडच्या एका प्रकरणास ती इतकी चपखल लागू पडते कीं, लेखाचा आरंभ तिच्यापासूनच करणें बरें.

हें प्रकरण टेलिव्हिजनच्या पडद्यावर खेळावयाच्या यंत्रांचें आहे. या यंत्रांस कन्सोल म्हणतात. २००५ व २००६ या दोन सालांत तीन मोठ्या कंपन्यांचीं नवीं यंत्रें यावयाचीं होतीं: मायक्रोसॉफ्टचें एक्सबॉक्स ३६०, सोनीचें प्लेस्टेशन ३ व निंटेंडोचें वी. यंत्रें दुकानांत येण्यापूर्वींच अमेरिकेंत व जपानांत तीन प्रश्नांवर मोठा वाद माजला. यंत्र टेलिव्हिजनला कोणत्या केबलीनें जोडावयाचें? तें चित्र किती ओळींचें देणार? आणि घरांत आज असलेला टेलिव्हिजन त्यास चालणार कीं नाहीं? हा वाद केवळ हौशी मुलांचा होता असें समजूं नये. हाय डेफिनिशन टेलिव्हिजन त्या काळीं फार महाग असे. ज्या गृहस्थानें पै पै सांठवून तो दोनचार वर्षांपूर्वीं घेतला होता, त्यास आपला टेलिव्हिजन आतां कुचकामाचा ठरतो कीं काय अशी धास्ती पडली होती. आणि ज्यानें अजून घेतला नव्हता त्यास कोणता घ्यावा हें कळेना.

या गोष्टीचा निकाल लागून आतां बरींच वर्षें लोटलीं आहेत. तेव्हां त्या वादांत खरें काय निघालें व खोटें काय ठरलें, हें शांत चित्तानें तपासून पाहतां येतें. तसें पाहिलें असतां आपणांसहि कांहीं घेण्यासारखें आहे. कारण नवीं यंत्रें पुनःपुन्हां येत असतात, आणि तोच प्रश्न दर वेळीं नव्या नांवानें आपल्या दारांत उभा राहतो.

प्रथम चित्र म्हणजे काय तें पाहूं. टेलिव्हिजनवरील चित्र अखंड दिसत असलें तरी तें चटईच्या विणीप्रमाणें आडव्या ओळींचें बनलेलें असतें, आणि प्रत्येक ओळ बारीक बारीक बिंदूंची असते. या बिंदूंस पिक्सेल म्हणतात. एक चित्र पुरें होतें न होतें तोंच दुसरें काढिलें जातें, आणि सेकंदास पंचवीस-तीस चित्रें डोळ्यांपुढून गेलीं म्हणजे आपणांस हालचालीचा भास होतो. ओळी किती असाव्यात व सेकंदास चित्रें किती असावींत, हें निसर्गानें ठरवून दिलेलें नाहीं. तें माणसांनीं आपसांत ठरवावयाचें असतें. आणि सर्व देशांनीं मिळून एकच ठरविलें, असें जुन्या टेलिव्हिजनच्या बाबतींत कधींच झालें नाहीं.

अमेरिकेनें व जपाननें एन्.टी.एस्.सी. नांवाची पद्धति स्वीकारली. तींत ओळी ५२५ असून सेकंदास सुमारें ३० चित्रें निघत. भारतांत १९८२ सालीं रंगीत टेलिव्हिजन आला तो पॅल पद्धतीचा. तींत ओळी ६२५ व चित्रें सेकंदास २५. म्हणून मुंबई-पुण्याच्या एखाद्या घरीं कोणी आप्तानें अमेरिकेहून खेळाचें यंत्र आणिलें व तें केवळ पॅल जाणणाऱ्या टेलिव्हिजनला जोडिलें, तर बहुधा रंग उडून चित्र काळेंपांढरें दिसे, किंवा तें पडद्यावर सारखें सरकत राही. आपल्या वडील मंडळींपैकीं कित्येकांस हा अनुभव आठवत असेल. यंत्र बिघडलेलें नसे, टेलिव्हिजनहि बिघडलेला नसे. दोघांची भाषा मात्र निराळी असे.

हाय डेफिनिशन टेलिव्हिजन आला म्हणजे असले भेद मिटतील, अशी पुष्कळांची अपेक्षा होती. अमेरिकेंत तो १९९८ सालापासून विकूं लागला. परंतु त्यांतहि चित्राच्या तीन तऱ्हा निघाल्या: ७२० पी, १०८० आय व १०८० पी. यांतील आंकडा ओळींचा आहे. ‘पी’ म्हणजे सर्व ओळी एका दमांत क्रमानें काढणें. ‘आय’ म्हणजे आधीं पहिली, तिसरी, पांचवी अशा विषम ओळी काढणें व मागाहून दुसरी, चौथी, सहावी अशा सम ओळी भरणें. पाटीवर एक ओळ सोडून एक लिहीत जावें व पुन्हां वरून आरंभ करून मधल्या रिकाम्या ओळी भराव्यात, तसें हें आहे.

या तऱ्हांत अंतर किती, तें विद्यार्थ्यांस गुणाकारानेंच काढतां येईल. जुन्या धाटणीच्या चित्रांत आडवे ६४० व उभे ४८० बिंदु धरले तर एकंदर ३,०७,२०० होतात. ७२० ओळींच्या चित्रांत १,२८० गुणिले ७२०, म्हणजे ९,२१,६००, बरोबर तिप्पट. १०८० ओळींच्या चित्रांत १,९२० गुणिले १,०८०, म्हणजे २०,७३,६००; बरोबर पावणेसातपट. इतकी माहिती सेकंदास साठ वेळां काढावयाची व पडद्यापर्यंत न्यावयाची, हें काम लहान नव्हे.

आतां ती नेणाऱ्या केबली पाहूं. सर्वांत जुनी रीत म्हणजे टेलिव्हिजनच्या अँटेनाच्या जागीं खेळाच्या यंत्राची तार लावणें. यंत्र जणूं स्वतःच एक लहानसें प्रक्षेपणकेंद्र होई. त्यानंतर पिवळ्या पिनेची काँपोझिट केबल आली. तिच्या एकाच तारेंतून उजेडाची व रंगाची माहिती मिसळून जाते, आणि टेलिव्हिजनला ती पुन्हां निराळी करावी लागते. तांदूळ व डाळ एकाच पिशवींत घालून पाठवावीं आणि पलीकडच्यानें तीं निवडीत बसावें, असा हा प्रकार. निवडतांना थोडें इकडचें तिकडे राहतेंच, व म्हणून चित्र धुरकट दिसतें. काँपोनंट केबलींत हिरवी, निळी व तांबडी अशा तीन पिना असून उजेड व रंग यांची माहिती वेगवेगळ्या तारांनीं जाते. त्यामुळें ७२० व १०८० ओळींचें चित्रहि ती सुखानें वाहून नेते.

या सर्व केबलींतून वीज कमीअधिक होत वाहते, आणि त्या कमीअधिकपणांतच चित्राचा आकार दडलेला असतो. चौथी केबल मात्र निराळ्या जातीची आहे. तिच्यांतून चित्र आंकड्यांच्या रूपानें जातें व ध्वनीहि तिच्यांतूनच जातो. तिचें नांव एच्.डी.एम्.आय. डिसेंबर २००२ मध्यें सात कंपन्यांनीं मिळून तिचे नियम प्रसिद्ध केले. त्यांत सोनी, तोशिबा, हिताची, फिलिप्स इत्यादि होत्या. म्हणजे ज्या काळाविषयीं आपण बोलत आहों, त्या काळीं ही केबल जेमतेम तीन वर्षांची होती, आणि १९९८ नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत ज्यांनीं टेलिव्हिजन घेतले होते त्यांच्या टेलिव्हिजनला तिचा पोर्टच नव्हता. त्यांचा सारा भरंवसा काँपोनंट केबलीवर होता.

आतां कंपन्यांनीं काय सांगितलें व काय केलें तें क्रमानें पाहूं. मे २००५ मध्यें सोनीनें प्लेस्टेशन ३ चा नमुना दाखविला. त्यास एक सोडून दोन एच्.डी.एम्.आय. पोर्ट असतील व दोन पडद्यांवर १०८० पी चित्र देतां येईल, असें जाहीर झालें. बरोबर एका वर्षानें, मे २००६ मध्यें, त्याच कंपनीनें सांगितलें कीं यंत्र दोन प्रकारचें निघेल: ५९९ डॉलरांच्या यंत्रास एक पोर्ट असेल, व ४९९ डॉलरांच्या यंत्रास एकहि नसेल. पुढें सप्टेंबर २००६ मध्यें पुन्हां फिरवाफिरव होऊन दोन्ही प्रकारांस एकेक पोर्ट द्यावयाचें ठरलें, आणि नोव्हेंबरांत यंत्र जपानांत व अमेरिकेंत विक्रीस आलें. सोळा महिन्यांत दोनाचें शून्य व शून्याचें एक झालें! ज्यानें पहिल्या जाहिरातीवर विसंबून दोन टेलिव्हिजनांचा बेत केला असेल, त्याची काय गत झाली असेल?

मायक्रोसॉफ्टची तऱ्हा निराळी. त्यांचें एक्सबॉक्स ३६० नोव्हेंबर २००५ मध्यें, म्हणजे सोनीच्या एक वर्ष आधीं आलें, तें एच्.डी.एम्.आय. पोर्टावांचूनच. ३९९ डॉलरांच्या यंत्राबरोबर काँपोनंट केबल मिळे. २९९ डॉलरांच्या यंत्राबरोबर नुसती काँपोझिट. आरंभीं तें १०८० पी चित्र देत नसे. ऑक्टोबर २००६ अखेर त्याच्या आज्ञावलींत सुधारणा करून ती शक्ति त्यास देण्यांत आली. पुढें एप्रिल २००७ मध्यें एलीट नांवाचा काळ्या रंगाचा प्रकार निघाला, त्यास एच्.डी.एम्.आय. पोर्ट होता. निंटेंडोनें तर या शर्यतींत पाऊलच टाकिलें नाहीं. त्यांचें वी ४८० ओळींच्या पलीकडे जात नसे.

कंपन्यांनीं अशी धरसोड कां केली? लबाडी हें एकच उत्तर देऊन मोकळें होणें सोपें आहे, पण तें अपुरें आहे. पुष्कळ गोष्टी त्यांच्याहि हातीं नव्हत्या. पहिली गोष्ट खर्चाची. पोर्ट, त्यामागची चकती व परवान्याचें शुल्क हीं सारीं किंमतींत भर घालतात, आणि प्लेस्टेशन ३ आधींच महाग झालें होतें. दुसरी गोष्ट तबकडीची. चित्रपटांच्या नव्या तबकड्यांच्या दोन तऱ्हा त्या वेळीं एकमेकींशीं झुंजत होत्या. सोनी ब्लू-रे पक्षाची. तिच्या तबकडीच्या एका थरांत २५ जी.बी. माहिती मावे. तोशिबा एच्.डी. डी.व्ही.डी. पक्षाची, तिच्या एका थरांत १५ जी.बी. मावे. केबलीच्या मंडळांत मांडीला मांडी लावून बसलेल्या या दोन कंपन्या तबकडीच्या आखाड्यांत एकमेकींविरुद्ध उभ्या होत्या. दोन्ही तबकड्या वाचण्यास निळसर जांभळ्या किरणाचा लेझर लागे, आणि तो पुरेसा तयार होईना. म्हणून यूरोपांतील लोकांस प्लेस्टेशन ३ साठीं मार्च २००७ पर्यंत वाट पाहावी लागली.

तिसरी गोष्ट सर्वांत गुंतागुंतीची, आणि भीतीचें मूळ तींतच होतें. चित्रपट काढणाऱ्या संस्थांस आपल्या चित्रपटांच्या चोरट्या नकला निघतील अशी धास्ती होती. एच्.डी.एम्.आय. मधून जाणाऱ्या आंकड्यांस कुलूप लावतां येतें. काँपोनंट केबलीस तसें कुलूप नाहीं. म्हणून नव्या तबकड्यांच्या नियमांत एक खूण ठेविली होती. ती खूण तबकडीवर असली म्हणजे कुलूप नसलेल्या केबलीतून चित्र पूर्ण न जातां ९६० गुणिले ५४० बिंदूंचेंच जावयाचें. म्हणजे २०,७३,६०० बिंदूंच्या जागीं ५,१८,४००. बरोबर एक चतुर्थांश. ज्या कुटुंबानें काँपोनंट केबलीचा टेलिव्हिजन मोठ्या हौसेनें घेतला होता, त्यास ही बातमी ऐकून काय वाटलें असेल! येथें एक बारकावा मात्र फार थोड्यांनीं ध्यानांत घेतला: हा नियम चित्रपटांपुरता होता, खेळांस तो लागू नव्हता.

आतां निकाल ऐका. ज्या खुणेची एवढी धास्ती होती, ती आरंभींच्या वर्षांत मोठ्या चित्रपटसंस्थांनीं वापरण्याचें टाळलें. जुन्या टेलिव्हिजनच्या धन्यांस रोषास चढवून त्यांस लाभ नव्हता. केबलीवरील बंधन पुढें खरेंच कडक झालें, पण तें २०१० सालानंतर बनविलेल्या यंत्रांपुरतें. तोंपर्यंत बहुतेकांच्या घरीं नवे टेलिव्हिजन आलेले होते. तबकड्यांचें युद्धहि फार दिवस चाललें नाहीं. जानेवारी २००८ मध्यें वॉर्नर ही चित्रपटसंस्था ब्लू-रे पक्षास मिळाली व पुढच्याच महिन्यांत तोशिबानें एच्.डी. डी.व्ही.डी. सोडून दिली. मायक्रोसॉफ्टनें त्या तबकडीसाठीं १९९ डॉलरांचें एक जोडयंत्र नोव्हेंबर २००६ मध्यें विकावयास काढलें होतें. ज्यांनीं तें घेतलें त्यांच्या पदरीं सव्वा वर्षांत निराशा आली. एक्सबॉक्सचे खेळ मात्र शेवटपर्यंत साध्या डी.व्ही.डी.वरच निघत, फार तर एकाच्या जागीं तीन-चार तबकड्या लागत.

याच्या उलट, ज्या अडचणीविषयीं वाद करणाऱ्यांनीं फारसा विचार केला नव्हता, तीच खरोखर उभी राहिली. जुन्या हाय डेफिनिशन टेलिव्हिजनांपैकीं पुष्कळ असे होते कीं, ते ४८० ओळींचें व १०८० आय चित्र घेत, पण ७२० पी घेत नसत. प्लेस्टेशन ३ चे कित्येक खेळ ७२० पी मध्यें होते. असा खेळ असल्या टेलिव्हिजनवर लाविला असतां यंत्रानें तो १०८० आय मध्यें वाढवून द्यावयास हवा होता. परंतु तें यंत्र आरंभीं तसें न करितां चित्र खालीं ४८० ओळींवर आणी. म्हणजे पांच-सहाशें डॉलर देऊन नवें यंत्र आणावें, हाय डेफिनिशन टेलिव्हिजनला तें जोडावें, आणि खेळ मात्र जुन्याच धाटणीचा दिसावा! एक्सबॉक्स ३६० मध्यें मात्र चित्राचा आकार बदलणारा एक भाग प्रथमपासून होता, व त्यामुळें धन्याचा टेलिव्हिजन ७२० पी घेवो कीं १०८० आय घेवो, त्यास साजेसें चित्र तें देई. ज्या यंत्रास नवा पोर्ट नाहीं म्हणून लोक नाकें मुरडीत होते, तेंच जुन्या पडद्यांस अधिक धार्जिणें निघालें.

आणखी दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. प्लेस्टेशन ३ ला एच्.डी.एम्.आय. पोर्ट होता खरा, पण खोक्यांत त्याची केबल नव्हती; पिवळ्या पिनेची जुनी काँपोझिट केबलच होती. ज्यांस हें ठाऊक नव्हतें त्यांनीं तीच लाविली व धुरकट चित्रासच नवें चित्र समजून ते खेळत बसले. दुसरी गोष्ट आंकड्यांची. २००७ सालीं एक्सबॉक्सवर आलेला हेलो ३ हा गाजलेला खेळ यंत्राच्या आंत १,१५२ गुणिले ६४० बिंदूंचेंच चित्र काढीत असे व मग तें वाढवून बाहेर देत असे, हें तो बनविणाऱ्यांनींच मान्य केलें. म्हणजे टेलिव्हिजन ‘७२० पी’ असें दाखवी, परंतु आंतील चित्र त्याहून लहान असे. तरीहि लक्षावधि लोकांनीं तो आनंदानें खेळला. आणि सरतेशेवटीं त्या तीन यंत्रांत सर्वांत अधिक कोणतें खपलें म्हणाल, तर ४८० ओळींवर समाधान मानणारें वी. त्याचा खप दहा कोटींच्या वर गेला.

ही हकीकत जुनी झाली असें कोणी म्हणेल. म्हणून अलीकडचें उदाहरण घेऊं. नोव्हेंबर २०२० मध्यें प्लेस्टेशन ५ व एक्सबॉक्स सिरीज एक्स हीं यंत्रें आलीं. या वेळीं केबल एकच, एच्.डी.एम्.आय.; परंतु वाद तिच्या क्रमांकावरून. २०१३ सालच्या २.० क्रमांकाच्या नियमांप्रमाणें ती सेकंदास १८ अब्जपर्यंत एकं-शून्यें नेऊं शकते, व २०१७ सालच्या २.१ प्रमाणें ४८ अब्जपर्यंत. याची गरज किती, तें पुन्हां गुणाकारानें पाहावें. ४के चित्रांत ३,८४० गुणिले २,१६०, म्हणजे ८२,९४,४०० बिंदु असतात. दर बिंदूच्या रंगास २४ एकं-शून्यें धरलीं आणि सेकंदास ६० चित्रें धरलीं, तर सुमारें १२ अब्ज होतात. तीं जुन्या केबलींत मावतात. चित्रें १२० केलीं कीं सुमारें २४ अब्ज होतात. रंगांत काटछाट केल्यावांचून तीं जुन्या केबलींत मावत नाहींत. इतका हिशेब ज्यास करतां आला, त्यास दुकानदाराच्या निम्म्या बोलण्याची परीक्षा घरबसल्या करतां येईल.

पण येथेंहि क्रमांकानें फसवणूक होऊं शकते. डिसेंबर २०२१ मध्यें या केबलीचा परवाना देणाऱ्या मंडळानेंच स्पष्ट केलें कीं, २.१ मधील नव्या शक्ति ऐच्छिक आहेत. म्हणजे टेलिव्हिजनवर २.१ असें लिहिलेलें असलें तरी तो सेकंदास १२० चित्रें घेईलच असें नाहीं. दुसऱ्या बाजूनें, प्लेस्टेशन ५ आलें तेव्हां चित्राचा वेग खेळाप्रमाणें बदलण्याची सोय त्यांत चालू नव्हती. ती एप्रिल २०२२ मध्यें आज्ञावलीच्या सुधारणेनें फुकट मिळाली. कांहीं गोष्टी जाहीर होऊन मिळत नाहींत, तर कांहीं मागाहून आपोआप मिळतात. आणि जानेवारी २०२५ मध्यें ९६ अब्जांच्या २.२ क्रमांकाची घोषणा झाल्यामुळें हें चक्र थांबणार नाहीं, हेंहि उघड आहे.

मग आपण करावें काय? विद्यार्थ्यांनो, पुढील यंत्राची वार्ता येईल तेव्हां प्रथम आपल्या टेलिव्हिजनच्या मागें जाऊन पाहा. कोणते पोर्ट आहेत, त्यांजवर काय लिहिलें आहे, व टेलिव्हिजनबरोबर आलेल्या माहितीपुस्तकांत कोणकोणत्या तऱ्हांचें चित्र तो घेतो म्हणून नमूद आहे, तें एका कागदावर लिहून काढा. दुसरें, यंत्राविषयीं जें ऐकाल त्याचे दोन भाग करा: जें दुकानांत ठेविलेल्या यंत्रांत आहे तें एकीकडे, आणि जें व्यासपीठावरून सांगितलें गेलें तें दुसरीकडे. तिसरें, यंत्र तुमच्या पडद्यास साजेसें चित्र स्वतः बदलून देतें कीं नाहीं, हा प्रश्न कोणत्याहि पोर्टाच्या नांवापूर्वीं विचारा. २००६ सालीं ज्यांनीं हा एक प्रश्न विचारला असता, त्यांची निराशा टळली असती. चौथें, खोक्यांत कोणती केबल आहे तें विचारण्यास लाजूं नका.

पालकांसहि एक नम्र सूचना करावीशी वाटते. मूल जेव्हां ‘आतां जुना टेलिव्हिजन चालणार नाहीं’ म्हणून सांगतें, तेव्हां तें खोटें बोलत नसतें. जें ऐकलें तेंच तें सांगत असतें. त्यास रागें भरूं नये, व त्याच्या म्हणण्यावरून लगेच पैसाहि खर्चूं नये. ‘चल, आपण दोघे मिळून हिशेब करूं’ असें म्हणावें. बिंदूंचा गुणाकार, केबलीची शक्ति व पडद्याची मर्यादा हीं एका कागदावर मांडलीं म्हणजे बहुतेक वेळां असें दिसून येईल कीं, खर्च आजच करण्याचें कारण नाहीं. आणि कधीं करावा लागलाच, तर कशासाठीं करीत आहों तें दोघांसहि कळलेलें असेल.

तुरी बाजारांतून घरीं येऊं द्याव्या, त्या निवडून शिजवाव्या, आणि मग वरण घट्ट करावें कीं पातळ याचा विचार करावा. तोंपर्यंत घरच्या पडद्यावर जें चित्र दिसतें आहे, त्यावर खेळणाऱ्यांचा आनंद कांहीं कमी झालेला नाहीं.